चाकावरची पिवळी रेघ

श्रीधर वाडीभस्मे भित्रा आहे, हे नंदनवन वस्तीत कुणी त्याच्या पाठीमागे बोलत नाही. तोंडावरच बोलतात. वय छप्पन्न, मोजणी खात्यात कारकून, आणि गॅस बंद केला की नाही हे बघायला कोपऱ्यावरून घरी परत येणारा. लिफ्टमध्ये तो चढत नाही. पुलावरून जाताना गाडीच्या काचा खाली करतो, पाण्यात पडलोच तर बाहेर निघता यावं म्हणून. त्याची बायको सुमती सांगते, "यायच्यासंगं सिनेमाले गेलं का अर्धा सिनेमा दाराच्या कुलपातच जाते."

असा माणूस आडरानात गाड्या घालणाऱ्या टोळीचा कर्ताधर्ता झाला, ही गंमत घडली ती शेजारच्या उन्मेषमुळे. आठेक वर्षांपूर्वी उन्मेष आणि त्याचे मित्र दर रविवारी मोठमोठ्या चाकांच्या गाड्या घेऊन कुठेही घुसत आणि कुणाच्या तरी उभ्या हरभऱ्यातून जाऊन शिव्या खाऊन परत येत. एकदा काठ्याही पडल्या. तेव्हा उन्मेष श्रीधरकडे आला. श्रीधरने त्याला गावनकाशा उघडून दाखवला. दोन शेतांच्या मधून जाणारा बैलगाडीचा रस्ता, म्हणजे पांदण, नकाशात तुटक रेघांनी काढलेली असते आणि तिथून जायला कुणी हरकत घेऊ शकत नाही. "या रेघेवर राहा. कोणी मारनार नाही," तो म्हणाला.

एवढ्यावर भागलं असतं. पण तुटक रेघेवर सध्या नाला किती खोल आहे, काळी माती कुठे ओली आहे, हे नकाशा सांगत नाही. श्रीधरला ते सहन होईना. तो आपली स्कूटर घेऊन आधी जाऊन येऊ लागला. नाल्यात काठी घालून बघायचा, शेतमालकाला भेटायचा, तूर कापली का विचारायचा, सरपंचाचा नंबर घ्यायचा. मग गाड्यांची भीती वाटू लागली म्हणून गाड्या तपासू लागला. दोरखंड किती टनाचा, हवा किती, ब्रेकचं तेल कधी बदललं. ज्याची गाडी त्याला पसंत नाही तो घरी बसायचा, मग तो कुणाचाही जावई असो. टोळीतल्या लोकांकडे हिंमत ढिगाने होती, भीती एकट्या श्रीधरकडे होती. दोन-चार फेऱ्यांनंतर सगळ्यांनी आपापल्या वाट्याची भीती त्याच्याकडे सोपवून दिली आणि ते निवांत झाले.

चाकांवरची पिवळी रेघ ही त्याचीच पद्धत. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर नाश्त्याला थांबायचं आणि लोक पोहे खात असताना श्रीधरने प्रत्येक गाडीच्या प्रत्येक चाकाचा प्रत्येक नट पुन्हा कसायचा. आधी साध्या पान्याने नट जरासा सैल करायचा, म्हणजे गंजून अडकला आहे की खरंच घट्ट आहे ते कळतं. मग टॉर्क पाना लावायचा. या पान्याच्या मुठीवर आकडा ठरवता येतो, आणि नट तेवढा कसला गेला की पाना 'टक' असा आवाज करतो. गाडीगणिक आकडा वेगळा. टक झालं की बारीक ब्रशने नटावरून चाकावर एक पिवळी रेघ ओढायची. पुढे रेघ सरळ दिसली तर नट जागचा हललेला नाही. तुटली तर हलला आहे.

लोकांनी यातलं निम्मंच लक्षात ठेवलं. पिवळं दिसलं की चाक ठीक.

डिसेंबरातला तो रविवार. नऊ गाड्या. जरीपटक्याचा साहिल पहिल्यांदाच घरच्यांना घेऊन आला होता. त्याचं कापडाचं दुकान, गाडी सहा महिन्यांची, चाकं दोन आठवड्यांपूर्वी बदललेली. गाडीत त्याची आई प्रेमिलाबाई आणि आठ वर्षांची मुलगी काजल. प्रेमिलाबाई मुळात यायलाच तयार नव्हत्या. शनिवारी संध्याकाळी त्यांनी श्रीधरला स्वतः फोन केला होता.

"भाऊजी, साहिल तर कोनाचं ऐकत नाही. तुमी सांगा. पोरीले आनू का नको?"

श्रीधरला हा प्रश्न फार आवडला. आपल्यासारखंच घाबरणारं माणूस टोळीत येतंय याचा त्याला आधार वाटला. तो म्हणाला, "आना. तिच्या गाडीची चारही चाकं मी सोता कसतो."

उमरेडच्या पुढच्या टपरीवर सकाळी साडेसातला गाड्या थांबल्या. साहिलची गाडी सगळ्यांत शेवटी आली, म्हणून ती शेवटी धरली. तीन चाकं झाली. चौथं, उजवं मागचं. श्रीधरने पाचही नट सैल केले आणि टॉर्क पान्यासाठी मागे हात केला, तर पाना नव्हता. उन्मेषने नेला होता. उन्मेषला आपली गाडी आपल्याच हाताने कसायची हौस.

"दोन मिनिटं काका, झालंच," पलीकडून तो ओरडला.

श्रीधरच्या हातात ब्रश होता. डबीतला रंग सुकत चालला होता. त्याने विचार केला, नाहीतरी बसलोच आहोत, तेवढ्या रेघा ओढून ठेवू. पाच रेघा ओढल्या. तेवढ्यात काजल कागदी बशी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "काका, पोहे थंडे होऊन राहिले. आजीनं पाठवलं." पोह्यांवरचा तर्रीचा रस्सा पोरीच्या हातात कलंडत होता, म्हणून त्याने आधी बशी धरली. मग तो उठला. त्याने पोहे खाल्ले. पुढचा रस्ता सगळ्यांना समजावून सांगितला.

त्याने रस्ते दोन आखले होते. दणकट पाच गाड्यांनी टेकडीवरच्या दगडांतून जायचं, घरच्या माणसांच्या चार गाड्यांनी कालव्याच्या पाळीवरून, म्हणजे काठच्या मातीच्या बांधावरून, उन्मेषला पुढे ठेवून. दुपारी तलावाकाठी भेट. पाळीचा रस्ता सरळ, सपाट, काही भ्यायचं कारण नाही. श्रीधर टेकडीवाल्यांत, अस्मिताच्या गाडीत बसला. अस्मिता मिहानमध्ये कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करते आणि कशालाच भीत नाही. म्हणूनच श्रीधर नेहमी तिच्या गाडीत बसतो.

पहिला खडकाळ टप्पा पार पडला तेव्हा पावणेदहा झाले होते. श्रीधर सवयीने उतरला, अस्मिताची चाकं बघायला त्याने पेटी उघडली आणि टॉर्क पाना हातात घेतला. मुठीवर आकडा एकशे पस्तीस होता.

तो बघत राहिला. एकशे पस्तीस उन्मेषच्या गाडीचा आकडा. साहिलचा एकशे दहा. उन्मेषनंतर त्याने साहिलचं चाक कसलं असतं तर मूठ फिरवून एकशे दहावर आणलीच असती. आणि साहिलची गाडी शेवटची होती, त्यानंतर पान्याला कुणाचा हात लागण्याचं कारण नव्हतं. पाना उन्मेषच्या हातून सरळ पेटीत गेला होता.

म्हणजे ते चाक कसलेलंच नव्हतं. नुसतं न कसलेलंही नाही, त्याने स्वतःच्या हाताने सैल केलं होतं, पाचही नट. आणि वरून रेघा ओढल्या होत्या.

इतकी वर्षं तो ज्या गोष्टींना भीत आला त्या सगळ्या न घडलेल्या होत्या. ही घडून गेली होती, आणि दोन तासांपासून धावत होती.

आता इथे खरं सांगायला हवं. दुसरा कुणी असता तर तिथेच बोंब ठोकून मोकळा झाला असता. श्रीधर गप्प बसला. त्याला दुसरीच भीती वाटली, लोक काय म्हणतील याची. वॉकीटॉकी घेऊन तो झुडपांआड गेला, उन्मेषच्या एकट्याच्या कानात सांगता आलं तर बरं म्हणून. टेकडी मधे होती. नुसती खरखर आली. मोबाइलला रेंज नव्हती. त्याने पुन्हा लावलं, पुन्हा खरखर. मग स्वतःची समजूत घातली की रस्ता सपाट आहे, हळू जात असतील, साहिलच्या लक्षात येईल. कसं येईल? पिवळं दिसलं की चाक ठीक, असं साहिलला कुणी शिकवलं होतं? बाकीचे चिवडा खात होते. घड्याळात बारा मिनिटं गेली. ती बारा मिनिटं श्रीधर पुढे कधीच विसरला नाही.

"अस्मिता," तो शेवटी जवळ येऊन म्हणाला, "मले साहिलच्या गाडीपाशी जा लागते. आत्ता."

"काहून काका? काय झालं?"

"एक काम राहिलं तिच्यातलं."

अस्मिताने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चिवड्याचा डबा दुसऱ्याच्या हातात दिला. "आल्या रस्त्यानं परत फिरून गेलो तर सव्वीस किलोमीटर आहे."

श्रीधरने नकाशा उघडला. टेकडीच्या कुशीतून एक पांदण सरळ कालव्यावर उतरत होती. सहा किलोमीटर. त्यानेच ती लाल पेन्सिलने खोडली होती. मधल्या नाल्याचा उतार इतका उभा होता की गेल्या वर्षी तिथे बैलगाडी उलटली होती, असं त्याला शेतमालकाने सांगितलं होतं. त्याने खोडलेल्या पांदणीवर बोट ठेवलं.

"ही?" अस्मिता म्हणाली. "तुमी म्हणून राहिले, ही?"

"हो. चाल लवकर."

बाकीच्या चौघांना तिथेच थांबायला सांगून ते निघाले. दोन्ही बाजूंनी तुरी काचांवर आपटत होत्या. बोरीच्या काट्यांनी दारं खरवडली जात होती. श्रीधर डाव्या हाताने वरची मूठ धरून बसला होता, उजव्या हातात वॉकीटॉकी. "उन्मेष, गाड्या थांबव. उन्मेष, ऐकून राहिला का?" आता ऐकणारे किती आहेत याची त्याला फिकीर नव्हती. पण तिकडून कुणी बोलत नव्हतं.

नाला आला. अशा ठिकाणी श्रीधर नेहमी उतरून पायी जातो आणि त्यावरून त्याला आठ वर्षं चिडवलं गेलं आहे. अस्मिताने गाडी थांबवली, त्याने उतरावं म्हणून. तो उतरला नाही. उतरून चढायला तीन मिनिटं गेली असती. गाडीचं तोंड खाली झालं, समोरच्या काचेत फक्त माती दिसू लागली, आणि गाडी एका अंगाला इतकी कलली की पाण्याची बाटली घरंगळत त्याच्या पायापाशी आली. पण डोळ्यांसमोर नाला नव्हताच. कालव्याची पाळ होती, उजव्या बाजूला पाणी, आणि ते चाकही उजवंच. मागच्या सीटवर उजवीकडे खिडकीशी बसायचं म्हणून काजलने सकाळी हट्ट धरला होता, तेही त्याला आठवलं. आठवायला नको होतं.

गाडी वर आली. दोन शेतं ओलांडून ते पाळीवर चढले. मातीत चाकांचे ठसे होते, चारही गाड्या पुढे गेलेल्या. कालव्यातलं पाणी शेतात सोडलं होतं, त्यामुळे जागोजागी पाळीवर चिखल झाला होता. अस्मिताने वेग वाढवला. श्रीधरची नजर पाण्यावर होती. प्रत्येक वळणाला त्याला वाटे, आता पाण्यात काहीतरी पांढरं दिसेल. साहिलची गाडी पांढरी होती. दोन वेळा बगळे दिसले आणि दोन्ही वेळा त्याचा जीव जागेवर राहिला नाही.

तिसऱ्या वळणानंतर गाडी दिसली. पाळीवरच उभी होती, पाण्याकडे किंचित कललेली. पुढे बऱ्याच अंतरावर बाकीच्या तीन गाड्या थांबल्या होत्या आणि उन्मेष चालत मागे येत होता. आत, मागच्या सीटवर, प्रेमिलाबाई आणि काजल सावलीला म्हणून बसून होत्या. आणि उजव्या मागच्या चाकाजवळून, गाडीखालून, साहिलचे दोन पाय बाहेर आलेले होते.

अस्मिताने गाडी थांबवायच्या आत श्रीधर उतरला. तो धावला. छप्पन्न वर्षांचा, सुटलेल्या पोटाचा माणूस चिखलातून धावला, गुडघ्यावर पडला, आणि त्याने साहिलचे दोन्ही घोटे धरून त्याला बाहेर ओढलं.

"अरे! काका! काय करून राहिले?"

"उतरा," श्रीधर म्हणाला. "बाई, उतरा. डावीकडून. पोरीले आधी."

त्या उतरल्या. पोरीचे पाय मातीला लागेपर्यंत श्रीधरने श्वास सोडला नाही. साहिल कपडे झटकत सांगत होता, "मागून खडखड येऊन राहिली होती अर्ध्या तासापासून. आईनं थांबवलं. मी चाक पाहिलं ना काका, चिखल पुसून पाहिला, तुमची पिवळी रेघ आहे. म्हटलं चाक तर ठीक आहे, खालून काही ढिलं झालं असंल."

श्रीधर चाकापाशी बसला. अंगठ्याने चिखल काढला. एक नट होता, त्यावरची रेघ चाकावरच्या रेघेपासून दोन बोटं लांब गेली होती. दुसरा नट नव्हता. तिसरा होता. चौथा नव्हता. जे तीन उरले होते ते बोटांनी फिरत होते, बाटलीचं झाकण फिरावं तसे. साहिल मागे उभा राहून बघत होता.

उन्मेष धापा टाकत पोहोचला. त्याने चाक पाहिलं, श्रीधरला पाहिलं, अस्मिताच्या गाडीवरचे काट्यांचे ओरखडे पाहिले, आणि त्याच्या मनाने सोयीस्कर ती गोष्ट जुळवली. "काका, तुमाले समजलं कसं? टेकडीवर बसून समजलं? मानलं बावा!" पुढच्या गाड्यांतले लोकही आले. कुणीतरी म्हणालं, या माणसाला धोक्याचा वास येतो. साहिलने खाली वाकून श्रीधरच्या गुडघ्यांना हात लावला. त्याचे डोळे भरून आले होते.

फक्त अस्मिता काही बोलली नाही. एक काम राहिलं, हे शब्द तिने ऐकले होते. ती गाडीला टेकून उभी राहिली आणि श्रीधरकडे बघू लागली. ती कुणाला सांगणार नाही, हे त्याला कळत होतं. गप्प राहिलं तर भागत होतं. नवीन चाकांचे नट रस्त्यात सैल होतात, हे सगळ्यांना माहीत होतं. उलट आजपासून त्याला कुणी भित्रा म्हणणार नव्हतं.

प्रेमिलाबाईंनी नातीचा हात धरून तिला पुढे आणलं. "पाह्य बेटा," त्या म्हणाल्या, "हे काका आहेत ना, तोवर तुले काई होत नाही."

पोरीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. श्रीधरला ते बघवलं नाही.

"मी कसलं नव्हतं," तो म्हणाला.

"काय?" उन्मेषने विचारलं.

"हे चाक. सकाळी मी नट ढिले केले, पाना तुझ्यापाशी होता, म्हणून रेघा आधी ओढल्या. कसाचं राहून गेलं. मले पावनेदहाले समजलं. मी लगेच बोललो नाही. बारा मिनिटं बोललो नाही. लाज वाटली."

साहिलने चाकाकडे पाहिलं, मग ज्या जागेवरून तो ओढला गेला होता त्या जागेकडे. "म्हणजे मी खाली होतो तेव्हा..." एवढंच बोलून तो थांबला. उन्मेष काही बोलायला गेला, साहिलने त्याला हाताने गप्प केलं.

"नट कसा आता," साहिल म्हणाला. या वेळी त्याने 'काका' अशी हाक मारली नाही.

दुसऱ्या दोन चाकांचा एकेक नट काढून इकडे लावला. श्रीधरने मूठ फिरवून एकशे दहावर आणली. साहिल डोक्याशी उभा राहून प्रत्येक टक मोजत होता, मोठ्याने, एक, दोन, तीन. चारही चाकं त्याने पुन्हा कसून घेतली. सगळ्यांनी आवाज ऐकले. नंतर एकेक जण उठून आपापल्या गाडीकडे गेला, चाकापाशी वाकला आणि नट हाताने हलवून बघू लागला. आठ वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं. श्रीधरने ब्रश बाहेर काढलाच नाही.

निघायची वेळ झाली. साहिलने दार उघडून धरलं. "आई, बस."

प्रेमिलाबाईंनी चाकाकडे पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या. श्रीधरला वाईट बोलल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त काजलचा हात धरला आणि पदर खोचला.

"तू चाल पुढं," त्या मुलाला म्हणाल्या. "आमी पायी येतो."

"आई, दोन किलोमीटर आहे अजून पाळ. आता कसलं ना समोर!"

"हो, पाह्यलं," त्या म्हणाल्या, आणि चालायला लागल्या.

साहिलने गाडी माणसाच्या चालीने सोडली. तिच्यामागे, पाळीच्या पाण्यापासून लांबच्या कडेने, आजी आणि नात चिखल चुकवत चालल्या. अस्मिताने श्रीधरला हाक मारली, पण तो तिच्या गाडीत बसला नाही. तो प्रेमिलाबाईंच्या मागे दहा पावलांवरून चालत राहिला. जवळ जायची त्याची हिंमत नव्हती. पाळ संपेपर्यंत त्याने त्या चाकावरची नजर काढली नाही.